छोट्या धंद्यातली तीच तीच कामे आपोआप कशी करून घ्यावीत

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, पंधरा दिवसांवर आली की घरगुती फराळ करणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. एकच ऑर्डर घ्या: पन्नास नेवऱ्या (करंज्या), पंचवीस लाडू, आदल्या दिवशी सकाळी न्यायचे. ती आधी हाताला लागेल त्या कागदावर उतरते. कागदावरून वहीत जाते, वहीतून व्हॉट्सॲपवर 'ऑर्डर घेतली' असे कळवले जाते, मग स्वयंपाकघरातल्या यादीत चढते, मग बिलात, आणि पैसे आले की रोजमेळात. एकच नाव आणि एकच आकडा सहा वेळा लिहिला गेला. समजा एका ऑर्डरीमागे या लिहिण्यात सात मिनिटे जातात. चाळीस ऑर्डरींना २८० मिनिटे झाली, म्हणजे पाच तासांना वीस मिनिटे कमी. त्यात एका ठिकाणी ५० चे १५ झाले तर ते कळते गिऱ्हाईक पिशवी घेऊन दारात उभे राहिल्यावर.

ऑटोमेशन या शब्दाला लोक उगाच बिचकतात. छोट्या धंद्यापुरता त्याचा अर्थ इतकाच घ्यावा: जे एकदा लिहिले ते पुन्हा हाताने लिहावे लागू नये, आणि ज्याची आठवण ठेवावी लागते ते डोक्यात ठेवावे लागू नये. इथे सांगितलेले बहुतेक सगळे गूगलचे फुकट खाते, एक स्मार्टफोन आणि जुना का होईना एक लॅपटॉप यांवर होते. उदाहरणे फराळाची आणि गेस्ट हाऊसची असली तरी काजूचे दुकान, रेंट-अ-बाईक, केटरिंग, हार्डवेअर, सगळीकडे सांगाडा तोच.

आधी आठवडाभर मोजा

संगणकाला हात लावण्याआधी एक साधी वही घ्या आणि सात दिवस फक्त नोंदी करा. पुन्हा पुन्हा करावे लागलेले प्रत्येक काम, त्याला लागलेली मिनिटे, आणि तीच माहिती किती ठिकाणी लिहिली तो आकडा. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. लोक वेळखाऊ काम आधी शोधतात, पण वेळखाऊ काम कधी कधी मुळातच माणसाचे असते. लग्नाच्या केटरिंगचा भाव ठरवायला तास जातो, पण तो तास यंत्राला देता येत नाही. तीच माहिती चार ठिकाणी लिहिली जात असेल तर मात्र ते काम हमखास सोपवता येते.

आठवड्याच्या शेवटी एकच काम निवडा. निवडताना बघायचे ते असे: काम आठवड्यातून निदान पाच वेळा येते का, त्याचा नियम दोन वाक्यांत सांगता येतो का, आणि ते चुकले तर दुरुस्त करता येते का. नियम सांगताना 'तसे ठरलेले नाही, गिऱ्हाईक बघून करतो' असे वाक्य आले तर ते काम बाजूला ठेवा. उधारी कोणाला द्यायची हा असाच प्रकार. उधारीची आठवण करून देणे यंत्राकडे द्यावे, उधारी देणे देऊ नये.

ऑर्डर एकाच दारातून आत येऊ द्या

आपला फराळवाला पुढे घेऊ. ऑर्डरी फोनवर येतात, व्हॉट्सॲपवर येतात, शेजारीण कुंपणावरून सांगते. दारे कितीही असोत, नोंद एकाच जागी व्हायला हवी. त्यासाठी गूगल फॉर्म करा आणि नियम घाला की फोनवरची ऑर्डरसुद्धा घरचा माणूस त्याच फॉर्ममध्ये भरणार. फॉर्मची लिंक ब्राउझरमध्ये उघडून 'ॲड टू होम स्क्रीन' केले की फोनवर तिचे चिन्ह बसते आणि फोन चालू असतानाच भरता येते. हा नियम मोडला, म्हणजे 'आता कागदावर लिहितो, रात्री भरतो' सुरू झाले, की पुढचे सगळे फुकट.

व्यवसायासाठी वेगळे गूगल खाते उघडा. मुलाच्या किंवा कामावरच्या मुलीच्या खात्यावर हे उभारू नका. त्यांनी नोकरी बदलली की तुमच्या ऑर्डरी त्यांच्याबरोबर जातात.

फॉर्ममध्ये प्रश्न थोडेच ठेवा, पण प्रत्येक उत्तर गणिताला चालेल असे घ्या.

नाव साध्या उत्तराने घ्या. मोबाईलच्या प्रश्नाला 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' लावा: नंबर, आणि तो दहा आकडी हवा, म्हणजे ६००००००००० ते ९९९९९९९९९९ यांच्या मध्ये. भारतातले मोबाईल ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, त्यामुळे एक आकडा गळलेला नंबर फॉर्मच अडवतो. गोव्यात यात एक मेख आहे. आखातात किंवा इंग्लंडात असलेला मुलगा गावातल्या आईसाठी ऑर्डर देतो आणि त्याचा नंबर या चाळणीतून जात नाही. म्हणून 'परदेशातला नंबर' असा वेगळा, ऐच्छिक प्रश्न ठेवा, आणि मुख्य मोबाईल माल घेणाऱ्याचा मागा.

दिवसासाठी कॅलेंडर देऊ नका, ड्रॉपडाऊन द्या. ज्या दिवशी तुम्ही माल देता तेवढेच दिवस त्यात हवेत. कॅलेंडर दिले की कोणीतरी खुद्द चवथीच्या सकाळी सहा वाजता हवे म्हणून निवडणारच.

प्रत्येक पदार्थाला वेगळा ड्रॉपडाऊन द्या आणि पर्याय नुसते आकडे ठेवा: २५, ५०, ७५, १००. फॉर्ममध्ये हे आकडे इंग्रजी अंकांत लिहा आणि पुढे 'नग' जोडू नका. फॉर्मची उत्तरे गूगल शीटमध्ये जमतात, आणि '५० नग' हा शीटच्या लेखी मजकूर आहे, आकडा नाही. बेरीज करताना ती सेल मुकाट्याने वगळली जाते, चूक म्हणून लाल खूणही येत नाही. स्वयंपाकघरात ८५० ऐवजी ६०० नेवऱ्यांची यादी लागते आणि सगळे बरोबर चालल्यासारखे दिसते. या कामातली ही सगळ्यात वारंवार होणारी चूक.

सेटिंगमध्ये 'लिमिट टू वन रिस्पॉन्स' बंद ठेवा. ते चालू केले की गिऱ्हाइकाला गूगलमध्ये लॉगिन करावे लागते आणि अर्धी माणसे तिथूनच परत फिरतात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट चढवायला लावणारा 'फाईल अपलोड' प्रश्नही याच कारणासाठी नको. त्यालाही लॉगिन लागते. शिवाय स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा नव्हे, त्याबद्दल पुढे.

फॉर्म तयार झाला की 'रिस्पॉन्सेस'मध्ये जाऊन 'लिंक टू शीट्स' करा आणि तिथेच नव्या उत्तराची ईमेल सूचना चालू करा. एकदा ऑर्डरी यायला लागल्या की फॉर्ममधला प्रश्न पुसून नवा घालू नका. शब्द बदलले तर चालते. प्रश्न पुसून नवा घातला की शीटमध्ये नवा कॉलम उघडतो, जुना तसाच पडून राहतो, आणि अर्ध्या नेवऱ्या एका कॉलमात, अर्ध्या दुसऱ्या.

शीट, जिथे खरे काम होते

पहिली गोष्ट: फाईल मेनूतल्या सेटिंगमध्ये 'लोकेल' भारत आणि वेळ भारताची करा. लोकेल अमेरिकेचे राहिले तर तुम्ही हाताने लिहिलेला ५/९ हा ५ सप्टेंबर न होता ९ मे होतो. १३/९ तर तारीखच होत नाही, कारण तेरावा महिना नसतो. महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना उलटापालट आणि नंतर अचानक गोंधळ दिसला, तर कारण बहुधा हेच.

फॉर्मची उत्तरे ज्या पानावर येतात ते पान सॉर्ट करू नका, त्यातल्या ओळी पुसू नका. त्याच्या उजवीकडे स्वतःचे कॉलम जोडा: ऑर्डर क्रमांक, एकूण रक्कम, व्हॉट्सॲप लिंक, यूपीआय संदर्भ क्रमांक, पैसे आल्याची तारीख, माल दिल्याची तारीख. टिकमार्कपेक्षा तारीख लिहिणे बरे, कारण आठ दिवसांनी वाद झाला तर टिकमार्क काहीच सांगत नाही.

रकमेचे सूत्र पहिल्या ऑर्डरीच्या ओळीत लिहून खाली ओढले तर दुसऱ्या दिवशी अडचण येते. फॉर्ममधून आलेली नवी ओळ सूत्राशिवाय येते आणि रकमेची सेल कोरी राहते. उपाय म्हणजे सूत्र मथळ्याच्या ओळीतच 'ॲरे-फॉर्म्युला'च्या (एकदाच लिहून अख्ख्या कॉलमाला लागू होणाऱ्या सूत्राच्या) रूपात लिहायचे: पहिल्या ओळीत 'रक्कम' हा शब्द, बाकी ओळींत नेवऱ्यांचा कॉलम गुणिले नेवरीचा दर, अधिक लाडवांचा कॉलम गुणिले लाडवाचा दर, असे. मग नवी ऑर्डर आली की रक्कम आपोआप भरते. त्या कॉलमात हाताने एखादा आकडा टाकला मात्र, की अख्खा कॉलम चुकीची खूण दाखवून बंद पडतो. सवलत द्यायची असेल तर 'सवलत' असा वेगळा कॉलम ठेवा आणि सूत्रात तो वजा करा.

दर 'दर' नावाच्या वेगळ्या पानावर ठेवा. सूत्रात आकडा कोंबू नका. पण इथेही एक खड्डा आहे. हंगामाच्या मध्यात नारळ महागला म्हणून दराची सेल बदलली, तर आधी घेतलेल्या ऑर्डरींची रक्कमही मागे जाऊन बदलते, आणि ज्याने पूर्ण पैसे भरले त्याच्या नावावर बाकी दिसायला लागते. सोपा मार्ग असा की प्रत्येक हंगामाला नवी फाईल: चवथीची एक, दिवाळीची एक, नाताळाची एक. हंगामात दर बदलू नका. बदलायचाच झाला तर फॉर्मची प्रत काढून नव्या दराची नवी फाईल सुरू करा.

आता स्वयंपाकघराची यादी. 'इन्सर्ट'मधून पिव्हट टेबल, म्हणजे गटवार बेरीज करून देणारा तक्ता, घ्या. ओळींत माल देण्याचा दिवस, व्हॅल्यूजमध्ये प्रत्येक पदार्थाची बेरीज. रेंज निवडताना आजच्या शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता पूर्ण कॉलम निवडा, नाहीतर उद्याच्या ऑर्डरी यादीत येत नाहीत. कोरी ओळ दिसेल, ती फिल्टरमधून काढून टाका. त्याच्या शेजारी सामानाचा हिशेब बसवता येतो. समजा तुमच्या हाताच्या प्रमाणाने १०० नेवऱ्यांना ६ नारळ लागतात. ८५० नेवऱ्यांना ५१ नारळ, म्हणजे खोबरे सडण्याची शक्यता धरून ५५ सांगायचे. हे प्रमाण एकदा नीट मोजून 'दर'च्या पानावर ठेवले की बाजाराची यादी रोज सकाळी तयार असते. प्रमाण अंदाजाने टाकू नका, एका घाण्याचे वजन करून घ्या. अंदाज चुकला तर यंत्र तीच चूक आठ पटीने करते.

घराच्या आवाक्याची मर्यादाही याच पिव्हटवर बघायची. एका दिवशी १,००० नेवऱ्याच होतात असे असेल तर आकडा ९०० वर गेला की फॉर्मच्या ड्रॉपडाऊनमधून तो दिवस काढून टाका. फॉर्म स्वतःहून थांबत नाही.

निरोप पाठवणे: अर्धे यंत्र, अर्धे माणूस

व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे आणि बऱ्याच जणांनी ते नुसतेच घालून ठेवलेले असते. त्यात तीन गोष्टी लगेच चालू करा. 'क्विक रिप्लाय' ५० पर्यंत साठवता येतात. तिरकी रेघ टाकून '/भाव', '/पत्ता', '/फॉर्म' असे लिहिले की पूर्ण मजकूर येतो. 'अवे मेसेज' दुकान बंद असतानाच्या वेळेला लावा. लेबले २० पर्यंत करता येतात: नवी ऑर्डर, पैसे यायचे, तयार, दिली. 'ग्रीटिंग मेसेज' मात्र नव्या माणसाला किंवा १४ दिवस काही बोलणे न झालेल्यालाच जातो. म्हणून 'यंदा ऑर्डरी अमुक तारखेपर्यंत' ही सूचना फक्त तिथे ठेवली तर नेहमीच्या गिऱ्हाइकांना ती कधीच दिसणार नाही.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. 'आम्हाला मेसेज आलाच नाही' या तक्रारीचे मूळ इथे असते. माल देताना पाकिटावर 'नंबर सेव्ह करा' ही ओळ छापली की निम्मे काम होते.

ऑर्डर घेतल्याचा निरोप शीटमधूनच तयार करा. 'हायपरलिंक' आणि 'एन्कोड-यूआरएल' ही दोन सूत्रे जोडून प्रत्येक ओळीत व्हॉट्सॲपची लिंक बनवता येते: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, ९१ आणि दहा आकडी नंबर, पुढे '?text=' आणि मजकूर. नंबराआधी अधिकचे चिन्ह किंवा शून्य नको. 'एन्कोड-यूआरएल' वगळले तर मराठी मजकूर आणि ओळींमधली मोकळी जागा वाटेत तुटते. मजकूर असा ठेवता येईल:

'नमस्कार. ऑर्डर क्र. ३७. नेवऱ्या ५०, लाडू २५. एकूण ₹१,१५०. चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी १० ते १ या वेळेत घरून न्यावे. ॲडव्हान्स पोचल्यावर ऑर्डर पक्की. काही बदल असल्यास आजच कळवावे.'

क्रमांक, आकडे, रक्कम, दिवस हे सगळे ओळीतून येते. तुम्ही लिंकवर बोट ठेवता, व्हॉट्सॲप उघडते, निरोप लिहिलेला असतो, 'पाठवा' दाबायचे. शेवटचे बटण माणसाने दाबणे ही उणीव समजू नका. चाळीस ऑर्डरींना ते दहा मिनिटांचे काम आहे, आणि पाठवण्याआधी एक नजर फिरते.

'एका क्लिकवर हजार मेसेज' म्हणून विकली जाणारी सॉफ्टवेअरे घेऊ नका. ती व्हॉट्सॲपच्या नियमात बसत नाहीत आणि नंबर बंद होतो. तोच नंबर तुमच्या पाटीवर आणि पाकिटावर छापलेला असतो. खरोखरच रोज शेकडो निरोप जात असतील तर व्हॉट्सॲपची अधिकृत एपीआय (सॉफ्टवेअरमधून निरोप पाठवण्याची सोय) घ्यावी. तिथे आधी मंजूर झालेले साचे लागतात, गिऱ्हाइकाच्या शेवटच्या निरोपापासून २४ तासांतच मोकळेपणी उत्तर देता येते, आणि १ जुलै २०२५ पासून साच्याच्या निरोपांचे पैसे निरोपागणिक मोजले जातात. चवथीच्या फराळाला याची गरज नाही.

पैसे जुळवणे

स्क्रीनशॉटवर ऑर्डर पक्की करू नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप मिळतात, आणि गर्दीच्या वेळी कोणी नीट बघत नाही. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. गिऱ्हाइकाकडून तो मागवा, शीटमध्ये त्याच्या ओळीत लिहा, आणि दिवसातून एकदा बँकेचे स्टेटमेंट एक्सेल किंवा सीएसव्ही रूपात उतरवून दुसऱ्या पानावर चिकटवा. मग 'काउंट-इफ'ने (एखादी गोष्ट किती वेळा आली ते मोजणाऱ्या सूत्राने) तो क्रमांक बँकेच्या तपशिलाच्या कॉलमात शोधायचा. बँका तो क्रमांक लांब ओळीच्या मध्ये लिहितात, म्हणून शोधताना क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना तारांकन जोडा. उत्तर १ आले तर पैसे आले. ० आले तर अजून नाहीत. गिऱ्हाइकाच्या दोन ओळींत एकच क्रमांक आला तर तेच पैसे दोनदा दाखवले आहेत. ते पकडायला आपल्याच कॉलमात तसाच दुसरा 'काउंट-इफ' लावा.

एक बारीक गोष्ट. सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली की १२ आकडी क्रमांक १.२३ई+११ असा दिसायला लागतो आणि जुळत नाही. तो कॉलम चिकटवण्याआधी 'प्लेन टेक्स्ट' करून ठेवा. आपल्या शीटमधला संदर्भ क्रमांकाचा कॉलमही तसाच.

गेस्ट हाऊस किंवा होमस्टे असेल तर

इथे फॉर्म तोच, फक्त नेवऱ्यांच्या जागी खोल्या आणि रात्री. पण तीन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात.

पहिली, दुहेरी बुकिंग. दोन-तीन संकेतस्थळांवर खोली टाकली असेल तर त्यांची कॅलेंडरे आयकॅल लिंकने (एका संकेतस्थळाच्या भरलेल्या तारखा दुसऱ्याला दाखवणाऱ्या लिंकने) जोडता येतात. ही जोडणी लगेच ताजी होत नाही, अधूनमधून होते, आणि फक्त तारखा नेते. दर आणि नाव नेत नाही. पावसाळ्यात हे पुरते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन तासांत दोघांनी तीच खोली घेतली तर यंत्र काही करू शकत नाही. त्या दिवसांत एकाच जागी खोली उघडी ठेवा, बाकी ठिकाणी हाताने बंद करा. खोल्या चार-पाचाच्या वर गेल्या तर पैसे देऊन चॅनेल मॅनेजर (सगळ्या संकेतस्थळांवरच्या खोल्या एकाच जागेवरून सांभाळणारे सॉफ्टवेअर) घेण्यात अर्थ आहे. एका खोलीला नाही.

दुसरी, जीएसटी. गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. माल विकणाऱ्याचे सूत्र याच दोन आकड्यांवर बांधण्याचा मोह होतो: ३० असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीचे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर), नाहीतर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा कर). खोलीच्या बिलाला हे सूत्र लावले की बिले चुकतात. राहण्याच्या सेवेत पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे जिथे इमारत आहे ते. पुण्याची कंपनी २७ चा क्रमांक देऊन कळंगुटला राहिली तरी बिल गोव्याचे सीजीएसटी आणि एसजीएसटीचेच. तयार बिलिंग सॉफ्टवेअरातही हे एकदा तपासून घ्या. कराचा दरही सूत्रात कोंबू नका: २२ सप्टेंबर २०२५ ला रोजच्या ₹७,५०० पर्यंतच्या खोल्यांचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांनी तो एका सेलमध्ये ठेवला होता त्यांचे काम मिनिटात झाले.

तिसरी, परदेशी पाहुणा. तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते; तिला आजही सगळे सी-फॉर्म म्हणतात. शीटमध्ये 'देश' कॉलमात भारत सोडून काही आले की ओळ लाल व्हावी असे कंडिशनल फॉरमॅटिंग लावा आणि 'सी-फॉर्म भरला, तारीख' हा कॉलम भरला की लाल जावे. भारतीय पाहुण्यांच्या आधारच्या प्रती व्हॉट्सॲपच्या गॅलरीत आणि तिघांच्या फोनवर पसरू देऊ नका. शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार मागा.

तारखा डोक्यात ठेवू नका

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सुधारणा. गूगल कॅलेंडरमध्ये दरमहा येणाऱ्या नोंदी करा, प्रत्येकीला दोन सूचना: चार दिवस आधी आणि एक दिवस आधी. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) २० तारखेला. तिमाही योजनेत, म्हणजे ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला, तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ ला जीएसटीआर-१ आणि गोव्यासाठी २२ ला ३बी. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. ३बीला उशीर झाला की रोजचे ₹५० लागतात, काही व्यवहार नसला तरी ₹२०.

वाहने भाड्याने देणाऱ्यांनी कॅलेंडरपेक्षा शीट करावी: ओळीत गाडीचा नंबर, कॉलमात विमा, पीयूसी, परवाना यांच्या मुदती, आणि आजच्या तारखेपासून १५ दिवसांच्या आत मुदत संपणारी सेल पिवळी, संपलेली लाल. वीस गाड्यांच्या साठ मुदती कोणीही पाठ ठेवू शकत नाही. पंचायतीचा परवाना, खाद्यपरवाना, अग्निशामक सिलिंडरची भरणी यांनाही याच पानावर ओळी द्या.

बंद पडते ते इथे

पावसात वीज जाते, इंटरनेट जाते. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा (आधी राऊटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या), लॅपटॉपवर क्रोममध्ये शीटचे 'ऑफलाइन' आधीच चालू करा; वीज गेल्यावर ते चालू करता येत नाही. फॉर्म मात्र इंटरनेटशिवाय भरत नाही. म्हणून फॉर्मच्याच क्रमाने रकाने छापलेले कागद पॅडला लावून ठेवा. क्रम तोच असला तर नंतर भरताना चुका होत नाहीत.

धंद्याचे सिम मालकाच्या नावावर असावे, रिचार्ज चुकू नये. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा, गूगल खात्याला दुहेरी पडताळणी, आणि बॅकअप कोड छापून देवघरात का होईना, पण घरात ठेवा. व्हॉट्सॲप चार उपकरणांना जोडता येते, मात्र मूळ फोन १४ दिवस वापरला नाही तर ती सगळी तुटतात. कोणी शीट बिघडवली तर 'व्हर्जन हिस्टरी'तून कालची प्रत परत आणता येते. त्याआधी सूत्रांचे कॉलम 'प्रोटेक्ट' केले तर ती वेळ सहसा येत नाही.

पुढची पायरी म्हणजे ॲप्स स्क्रिप्ट, शीटला जोडायचा छोटा प्रोग्राम: ऑर्डर आली की बिलाची पीडीएफ आपोआप ईमेल होणे वगैरे. फुकट खात्यावर दिवसाला १०० जणांनाच ईमेल जाते, एक स्क्रिप्ट सहा मिनिटांच्या वर चालत नाही, आणि 'रोज सकाळी आठ' असे लावले तर ती आठ ते नऊच्या मध्ये केव्हाही चालते. जिने ती लावली तिच्याच खात्यावर ती चालते, म्हणून व्यवसायाच्या खात्यातून लावा. सूत्र किंवा स्क्रिप्ट एआयकडून लिहून घेतली तर आधी गेल्या हंगामातल्या तीन ऑर्डरींवर चालवून बघा, ज्यांची रक्कम तुम्हाला पाठ आहे.

सुरुवातीचे दोन आठवडे जुनी वही आणि नवी शीट दोन्ही चालवा. दुप्पट काम वाटेल, चिडचिड होईल, पण शनिवारी रात्री दोन्हीकडची बेरीज मांडल्याशिवाय खात्री होत नाही. फरक आला तर तो शोधून काढा. बहुधा फोनवरची एक ऑर्डर फॉर्ममध्ये भरायची राहिलेली असते, किंवा कुठल्या तरी सेलमध्ये आकड्याला शब्द चिकटलेला असतो. लागोपाठ दोन शनिवार बेरीज जुळली की वहीत लिहिणे थांबवा. वही मात्र रद्दीत देऊ नका. जीएसटी नोंदणी असेल तर त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरायच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळावे लागतात, वहीतले आणि शीटमधले, दोन्ही.